पंचेचाळीस वर्षांची गोलकीपर

मी गोलकीपर झाले ती पॅन्टमुळे. म्हणजे आठवीत असताना, अमरावतीत, आमच्या शाळेच्या सरांनी मुलींची हँडबॉल टीम काढायची ठरवली, कारण जिल्ह्यात मुलींच्या टीमच इतक्या कमी यायच्या की दोन मॅच जिंकल्या की पोरी डायरेक्ट विभागाला. पंधरा-सोळा जणींनी नावं दिली, मीही दिलं, घरी येऊन सांगितलं आणि किटमध्ये हाफ चड्डी आहे म्हटल्यावर आजीने ताट बाजूला सरकवलं. "पोरीच्या जातीनं मांड्या दाखवत पळाचं?" विषय संपला. दुसऱ्या दिवशी रडवेली होऊन सरांकडे गेले नाव काढायला, तर सर म्हणाले अगं गोलकीपरला फुल पॅन्ट चालते, होतेस का गोलकीपर? झाले. घरी पटलं. फक्त शेजारच्या काकू एवढंच म्हणाल्या, "कायले उभी राहते व तिथं, तोंडावर बॉल लागन तं लगन कोन करन तुह्याशी?"

तोंडावर बॉल लागलाही, बऱ्याचदा लागला. पण ती जागा मला सोडवेना.

हँडबॉल ज्यांनी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी सांगते. एका बाजूला सात जणी, त्यातली एक गोलकीपर. गोलपोस्ट तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच. समोर सहा मीटरवर अर्धगोल रेषा, त्याच्या आतल्या जागेला आम्ही 'डी' म्हणायचो, तिथे गोलकीपरशिवाय कुणाला पाय टेकवता येत नाही. पण हवेतून येता येतं! म्हणजे रेषेबाहेरून उडी मारायची, हवेत असतानाच बॉल मारायचा आणि मग खुशाल डीमध्ये पडायचं. त्यामुळे बॉल सुटतो तेव्हा मारणारी तुमच्यापासून चार-पाच मीटरवर असते. गोलकीपरच्या हातात ग्लोव्हज नसतात. मी आता गणित शिकवते म्हणून हिशोब केल्याशिवाय राहवत नाही, नऊ मीटरवरून ताशी ९० किलोमीटरने आलेला बॉल साधारण ०.३६ सेकंदात तुमच्यापर्यंत पोचतो, आणि चार-पाच मीटरवरून आलेला त्याच्या निम्म्या वेळात. एवढ्या वेळात डोळ्याने बघून मग हात उचलू असं म्हणाल तर बॉल जाळीत जाऊन परतलेला असतो. म्हणून गोलकीपर बॉल बघतच नाही, ती खांदा बघते, कोपर बघते, उडी कुठल्या पायावर घेतली ते बघते, मारणारीची नजर खोटं बोलते पण कंबर सहसा खोटं बोलत नाही, आणि बॉल हातातून सुटायच्या आधीच हिने ठरवलेलं असतं की आपण कुठे जायचं.

आणि एवढं करून दहातले तीन अडवले तर चांगली गोलकीपर. चार अडवले तर त्या दिवशी तिच्याबद्दल पेपरात येतं. जगातली सगळ्यात भारी गोलकीपरसुद्धा दहातले सहा सोडते. हे मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. मी प्रत्येक गोलनंतर मान खाली घालून बॉल आणायला जायचे, जाळी नसायची ना मागे, फाटलेली असायची, बॉल थेट कंपाऊंडच्या भिंतीपर्यंत जायचा.

आता कात्रिने लुंडेबद्दल.

कात्रिने लुंडे नॉर्वेची गोलकीपर. ३० मार्च १९८० चा जन्म, नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या क्रिस्तियानसान गावचा. माझ्यापेक्षा एक वर्षाने मोठी. हे वयाचं आधीच सांगून ठेवते कारण मी तिचं सगळं करिअर माझ्या वयाशी जोडूनच बघितलंय, दुसऱ्या कुठल्या पद्धतीने मला बघताच येत नाही. तिला जुळी बहीण, क्रिस्तिने, तीही हँडबॉलच खेळायची, पण गोलमध्ये नाही, मैदानात, खेळ रचणारी. दोघी बहिणी नॉर्वेच्या टीममध्ये एकत्र, डेन्मार्कच्या क्लबमध्ये एकत्र, २००८ ला बीजिंगमध्ये रशियाला हरवून ऑलिंपिक गोल्ड मिळालं तेव्हाही दोघी एकत्र. एक बॉल मारणारी आणि एक अडवणारी, एकाच दिवशी जन्मलेल्या, लहानपणी घरात काय चाललं असेल याचा मी खूपदा विचार केलाय. चेंडू मारून मारून बहिणीने हिला तयार केली असणार असं माझं आपलं मत.

२००२ मध्ये ती नॉर्वेकडून पहिल्यांदा खेळली. २००२ मध्येच मी शेवटचं खेळले.

माझी शेवटची मॅच आंतरविद्यापीठ स्पर्धेतली होती, हरलो, बसमधून परत आलो, पोरींनी गाणी म्हटली, मी खिडकीत डोकं टेकून झोपले. ती शेवटची मॅच आहे हे मला माहीत नव्हतं! हे मला आजही टोचतं. परीक्षा झाली, मग बीएड, मग बघायचा कार्यक्रम, मग लग्न होऊन पुण्याला, कुणी "आता खेळायचं नाही" असं म्हटलंच नाही, म्हणायची गरजच पडली नाही. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा धरलं होतं. आमच्याकडे मुलींचा खेळ सर्टिफिकेटपर्यंत असतो. दहावी-बारावीला वाढीव मार्क, सरकारी नोकरीत खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, त्यासाठी स्टेट, नॅशनल खेळायचं आणि कागद हातात आला की बूट माळ्यावर. मी याला नावं ठेवत नाहीये. त्या कागदावर माझ्या दोन मैत्रिणींची घरं उभी राहिलीत. पण एकवीस म्हणजे गोलकीपरसाठी काहीच वय नाही हो, एकवीसला गोलकीपर नुकती बघायला शिकत असते.

हे मला लुंडेने दाखवलं. एकवीसनंतर मला जे मिळालं नाही ते सगळं तिच्याकडे पाहून मला कळत गेलं.

ती डेन्मार्कला गेली, आधी आल्बोर्ग मग विबोर्ग. विबोर्गकडून २००९ आणि २०१० ला चॅम्पियन्स लीग जिंकली. युरोपातल्या क्लब हँडबॉलमध्ये याच्यावर काही नाही. मग हंगेरीत ग्योर नावाच्या गावी, तिथे हँडबॉल म्हणजे आपल्याकडे क्रिकेट, त्यांच्याकडून २०१३ आणि २०१४ ला परत तीच ट्रॉफी. मध्ये २०१२ लंडनला दुसरं ऑलिंपिक गोल्ड, फायनलमध्ये मॉन्टेनेग्रो, २६–२३. मग २०१५ ला मुलगी झाली. मला वाटतं आमच्याकडची कुठलीही बाई इथपर्यंत वाचून म्हणेल, बरोबर, झालं की मग, भरपूर खेळली. पस्तीस वर्षं वय, दोन गोल्ड, चार चॅम्पियन्स लीग, मांडीवर लेकरू.

ती रशियातल्या रोस्तोवला खेळायला गेली.

२०१६ रिओला नॉर्वेच्या टीममध्ये होती, सेमीफायनलला रशियाने एक्स्ट्रा टाइममध्ये ३८–३७ ने हरवलं, ब्राँझ मिळालं. आणि त्याच वर्षी हँडबॉलचा एक नियम बदलला, त्यावर थोडं सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. अटॅक करताना गोलकीपरला बाहेर बसवून तिच्या जागी सातवी खेळाडू आत घ्यायची हे सोपं करून टाकलं. आधी त्या सातवीला गोलकीपरसारखा वेगळ्या रंगाचा शर्ट घालावा लागायचा, तो गेला. त्यामुळे आता गोलकीपर अर्धा वेळ बेंचपाशी उभी, टीमचा बॉल गेला रे गेला की तिने जीव खाऊन पळत गोल गाठायचा, नाहीतर समोरची टीम चाळीस मीटरवरून रिकाम्या गोलमध्ये बॉल टाकणार. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, मूल झाल्यावर, तुमच्या कामाचं स्वरूपच बदलतं आणि त्यात धावणं घातलं जातं! कितीतरी जुन्या गोलकीपरना हे जड गेलं असेल. तिने तेही शिकून घेतलं.

२०१७ ला ती परत आली, आपल्या क्रिस्तियानसानच्या क्लबमध्ये, व्हायपर्समध्ये. लोक गावी परत येतात ते निवृत्त व्हायला. हिने गावच्या क्लबला २०२१, २०२२, २०२३ सलग तीन वर्षं चॅम्पियन्स लीग जिंकून दिली, तिचं वय तेव्हा ४१, ४२, ४३. म्हणजे एकूण सात. मी तिच्या त्या काळातल्या मॅचचे तुकडे यूट्यूबवर किती वेळा बघितलेत याचा हिशोब नाही, वह्या तपासत एका बाजूला फोन लावलेला. आणि एक गोष्ट दिसत गेली. तरुणपणीच्या क्लिपमध्ये ती खूप हलायची, पाय डोक्यापर्यंत जायचा, दोन्ही हात फेकायची. चाळिशीनंतरची लुंडे कमी हलते. समोर विंगवरून, म्हणजे मैदानाच्या कडेवरून, पोरगी हवेत झेपावलीये, कोन अगदी बारीक आहे, आणि ही पोलपाशी उभी, उभीच, उभीच, मारणारीलाच घाई होते, आणि जिथे बॉल येणार तिथे हिचा हात आधीच असतो. मारणारीने मारायची जागा स्वतः निवडली असं वाटतं पण ती हिने तिला निवडायला लावलेली असते. हे वयानेच येतं. हजारो शॉट खाल्ल्यावर येतं. माझ्या वाट्याला ते हजारो शॉट आलेच नाहीत ही माझी खरी तक्रार आहे, मेडल-बिडल सोडा.

नॉर्वे म्हणजे स्वर्ग असं मला म्हणायचं नाहीये. त्याच नॉर्वेच्या मुलींच्या बीच हँडबॉल टीमने जुलै २०२१ मध्ये बिकिनी बॉटमऐवजी साध्या शॉर्ट्स घातल्या म्हणून त्यांना १५०० युरो दंड झाला होता, मुलग्यांना शॉर्ट्स चालायच्या पण मुलींना नाही, जगभर बोंबाबोंब झाली आणि त्या वर्षअखेरीस तो नियम बदलला. ती बातमी वाचून मी कितीतरी वेळ आजीचा विचार करत होते. आमच्याकडे मांड्या झाकायला सांगितलं, तिकडे उघड्या ठेवायला सांगितलं, सांगणारे दोन्हीकडे आहेतच, बॉल कसा मारते ते नंतर बघू.

आणि पैशाचंही तसंच. सलग तीन वर्षं युरोप जिंकणारा तो व्हायपर्स क्लब जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेला, बंद. महिलांच्या हँडबॉलमध्ये जगात सगळ्यात जास्त जिंकणाऱ्या देशात ही अवस्था! प्रोफेशनल खेळाडू म्हणजे महिन्याला पगार, फिजिओ, घर, करार, हे सगळं खरं, पण ते स्पॉन्सर असेपर्यंत. लुंडे त्याआधीच, २०२४ मध्ये तिथून बाहेर पडली होती. बाकीच्या पोरींना सीझनच्या मधोमध दुसरे क्लब शोधावे लागले. बातमी वाचली त्या दिवशी मी शाळेत जाताना बसमध्ये नुसती बसून होते, माझा काय संबंध, पण वाईट वाटलं.

टोकियोला (२०२१ मध्ये झालं ते) परत सेमीफायनल हरले, परत रशियन टीमकडून, यावेळी २७–२६, परत ब्राँझ. ती ४१ वर्षांची. मग पॅरिस. पहिल्याच मॅचमध्ये स्वीडनने ३२–२८ ने हरवलं तेव्हा मला वाटलं संपलं आता, वय दिसायला लागलं. पण त्यानंतर त्या टीमने एकही मॅच हरली नाही आणि १० ऑगस्टला, शनिवारी, फायनल, समोर फ्रान्स, फ्रान्समध्येच, लील शहरात. फुटबॉलचं स्टेडियम हँडबॉलसाठी वळवलेलं आणि सगळं पब्लिक त्यांचं. मी जिओसिनेमावर लावलं होतं. कुकर लावायचा राहिला, मुलाने मॅगी करून खाल्ली, नवरा येऊन शेजारी बसला आणि विचारलं कोण जिंकतंय, मी म्हटलं थांब जरा. २९–२१. फ्रान्ससारख्या टीमला त्यांच्याच घरी साठ मिनिटांत एकवीस गोल! मी रडले. नवऱ्याला कळेना की मी कोणाच्या बाजूने आहे.

चव्वेचाळीस वर्षांची बाई. पहिल्या ऑलिंपिक गोल्डपासून तिसऱ्या गोल्डपर्यंत सोळा वर्षं.

त्या रात्री मी नवऱ्याला पहिल्यांदा त्या बसमधल्या झोपेबद्दल सांगितलं. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती, त्याला मी खेळायचे एवढं माहीत होतं, घरी एका फोटोत मी आहे, फुल पॅन्ट घातलेली, गुडघ्यावर माती. तो म्हणाला तू कधी बोलली नाहीस. मी म्हटलं बोलायचं काय, काही घडलंच नव्हतं ना, न घडलेल्या गोष्टीबद्दल कसं बोलणार.

डिसेंबर २०२५ ला लुंडे नॉर्वेकडून खेळायची थांबली. वर्ल्ड चॅम्पियनशिप, रॉटरडॅम, फायनलला जर्मनी, नॉर्वे जिंकली आणि ती देशाकडून तिची शेवटची मॅच होती. पंचेचाळीस वर्षं आणि नॉर्वेकडून तीनशेच्या वर मॅच. मला त्यात गोल्डपेक्षा मोठी वाटली ती दुसरी गोष्ट. तिला माहीत होतं. त्या दिवशी सकाळी उठली तेव्हा तिला माहीत होतं की आज शेवटची. बूट बांधताना माहीत होतं. शेवटची कुठली ते तिने स्वतः ठरवलं, आईने नाही, मुलीच्या जन्माने नाही, नियमाने नाही, क्लब बुडण्यानेही नाही. मला एवढंच हवं होतं असं वाटतं. ऑलिंपिक नको होतं, माझी तेवढी लायकी होती असंही मी म्हणत नाही, पण त्या बसमध्ये बसताना कुणीतरी सांगायला हवं होतं, मी झोपले नसते.

अमरावतीची एक गोष्ट आठवते, आमच्या गावाला तिचा फार अभिमान. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला आमच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी गेली होती आणि तिथे कबड्डी करून दाखवून आली. त्याच बर्लिनमध्ये हँडबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकला आला, गवतावर, अकरा-अकरा जणांचा, फक्त पुरुषांचा. म्हणजे आमच्या गावची माणसं आणि हा खेळ एकाच वेळी त्या शहरात होते. बायकांचा हँडबॉल ऑलिंपिकला यायला त्यानंतर चाळीस वर्षं गेली, १९७६, माँट्रियल. नॉर्वेच्या बायकांना पहिलं मेडल १९८८ ला सोलमध्ये मिळालं, सिल्व्हर, गोल्ड कोरियाने नेलं. एका आशियाई देशाने! हे आमच्याकडे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. आपल्या ज्युनियर मुलींनी मार्च २०२२ मध्ये कझाकस्तानात अल्माटीला आशियाई गोल्ड जिंकलं, तेही किती जणांना माहीत आहे? २०२३ ला जयपूरला प्रीमियर हँडबॉल लीग झाली, महाराष्ट्र आयर्नमेनने जिंकली, मी सगळ्या मॅच बघितल्या, छान वाटलं, पण ती पुरुषांची. त्या अल्माटीच्या पोरी आता तेवीस-चोवीसच्या असतील. म्हणजे बूट माळ्यावर टाकायचं वय. त्यातली गोलकीपर कुठे असेल, अजून शॉट खातेय का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

पॅरिसनंतर दोन महिन्यांनी मी मुख्याध्यापकांना जाऊन विचारलं की शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ग्राउंड मिळेल का. मिळालं. गोलपोस्ट नाहीत. मागच्या भिंतीवर टेपने मोजून तीन बाय दोनची चौकट आखली, पोरींना घेऊन चुन्याने सहा मीटरचा अर्धगोल काढला. बॉल मी माझ्या पैशाने चार आणले. सुरुवातीला सात मुली, आता अकरा. तीन जणी लेगिंग घालून येतात, येऊ देत.

एक सातवीतली आहे, बारकी, उंची कमी, तिला कुणी टीममध्ये घेईना म्हणून गोलमध्ये उभी केली. गेल्या शनिवारी मी सात मीटरवर उभी राहून तिला दहा बॉल टाकले. जोरात नाही, पण मुद्दाम कोपऱ्यात. पहिला गेला, दुसरा गेला, तिसरा तिच्या कोपराला लागून बाहेर, मग चार लागोपाठ आत. तिची मान खाली जायला लागली ती मला ओळखीची होती. दहावा झाल्यावर ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, खांदे हलत होते. बाकीच्या पोरी गप्प. मी जवळ गेले, म्हटलं किती सोडलेस? म्हणाली सात. म्हटलं अडवलेस किती? बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, तीन.

मी तिथेच मातीत बसले आणि तिला नॉर्वेच्या एका बाईची गोष्ट सांगितली, दहातले तीन म्हणजे काय ते सांगितलं, ती बाई पंचेचाळीस वर्षांपर्यंत खेळली ते सांगितलं. ऐकताना ती नाक पुसत होती. ऐकून झाल्यावर तिने मला विचारलं, "मॅडम, म्हणजे तुमच्यापेक्षा मोठी?"

"एका वर्षाने."

तिने बॉल उचलला, माझ्या हातात दिला आणि चौकटीत जाऊन उभी राहिली.

"परत टाका."